कानवाल्यांच्या गाडीची शिट्टी

"गाडीतून आवाज येतोय," असं बायकोनं म्हटलं, तेव्हा कानवाल्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, काच खाली केली, डोळे मिटून मान किंचित तिरकी केली आणि निकाल दिला, "काही आवाज नाही."

"अहो, येतोय. शिट्टीसारखा. बारीक."

"बारीक आवाज आला असता तर मला ऐकू आला नसता? मला?"

यावर बायकोनं खिडकीकडे तोंड फिरवलं. मागच्या सीटवरच्या सासूबाईही खिडकीबाहेर बघू लागल्या. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, एक बंद दुकान तेवढं होतं.

कानवाल्यांचं म्हणणं वरवर पाहता बिनतोड होतं. लोकांचे कान तपासणं हाच त्यांचा धंदा होता. बाजाराच्या रस्त्यावर पहिल्या मजल्यावर त्यांचं दुकान होतं आणि त्यात मोठी काच असलेली, जाड भिंतींची एक आवाजबंद खोली होती. पेशंटला आत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचा, हातात बटण द्यायचं. कानवाले बाहेर यंत्रापाशी बसून एकेक आवाज सोडायचे. ऐकू आला की आतल्यानं बटण दाबायचं, म्हणजे यंत्रावरचा दिवा लागायचा. दिवा लागला नाही की कानवाले समजुतीचा सूर लावायचे. "लाज कसली? डोळ्यांना चष्मा चालतो, तोंडात कवळी चालते, मग कानानंच काय घोडं मारलंय?" एवढ्यानंही पटलं नाही, तर ते भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवत. फोटो सासूबाईंचा होता. वर्षभरापूर्वी त्यांना कानाचं मशीन लागलं, त्याच दिवशी काढलेला. "घरचं माणूस आहे. कुरकुर नाही, तक्रार नाही," कानवाले अभिमानानं सांगत. फोटोतल्या सासूबाई अशा हसत होत्या, की ज्याला जो अर्थ घ्यायचा तो त्यानं घ्यावा.

गाडीचं म्हणाल, तर तिचंही वय झालं होतं. किलोमीटरचं मीटर एकदा सगळे नऊ दाखवून पुन्हा शून्यावर आलं होतं आणि तिथून पुढेही बरंच चालून गेलं होतं. गाडीला आवाज नवीन नव्हते. दार खडखडायचं, सीट कुरकुरायची, चढावर इंजिन धापा टाकायचं. हे सगळे जाडेभरडे आवाज कानवाल्यांच्या ओळखीचे होते आणि त्यांच्यावर त्यांचा लोभही होता. हा नवा पाहुणा तेवढा त्यांना काही केल्या भेटत नव्हता.

दोन दिवसांनी शेजाऱ्यांनी कुंपणावरून विचारलं, "बॉनेटवर किटली उकळत ठेवलीय का काय?" कानवाल्यांनी हसून वेळ मारून नेली. त्याच संध्याकाळी गाडी गल्लीत शिरली, तेव्हा पायरीवर झोपलेलं मांजर ताडकन उठलं आणि गाडीकडे अत्यंत नाराजीनं बघत निघून गेलं. बायको चिडवत असेल, शेजारी खवचट असेल, पण मांजराला खोटं बोलून काय मिळणार होतं? कानवाल्यांच्या मनात पाल चुकचुकली, आणि ती तरी ऐकू आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात कोणी नाही असं पाहून त्यांनी दाराला आतून कडी घातली. यंत्र उचलून आवाजबंद खोलीच्या दारात ठेवलं, हेडफोन चढवला आणि स्वतःची तपासणी सुरू केली. एका हातानं आवाज सोडायचा, दुसऱ्या हातानं बटण दाबायचं. परीक्षकही तेच आणि परीक्षार्थीही तेच. निकाल उत्तम लागला. अगदी बारीकातला बारीक आवाजही हुकला नाही. कानवाले समाधानानं उठले, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की हेडफोनची वायर यंत्राला जोडलेलीच नव्हती.

ते पुन्हा खाली बसले. वायर जोडली. बराच वेळ बसून होते. जाड आवाज येत होते, मधले येत होते, पण वरच्या पट्टीचे, पक्ष्यांचे, शिट्ट्यांचे, किड्यांचे आवाज जिथे असायला हवेत तिथे सगळा शुकशुकाट होता. त्यांना खरोखर भीती वाटली. टकल्याकडून केस वाढवायचं तेल कोण विकत घेईल? ज्याचा कानच गेला, त्याच्यापुढे कान घेऊन कोण येईल? ही गोष्ट बाहेर फुटली, तर दुकानाला कुलूप लावायची वेळ येणार. म्हणून त्यांनी ठरवलं, की कान राहू दे बाजूला, आधी तो आवाज बंद करायचा. आवाजच नसला, तर तो ऐकू येत नाही हे कुणाला कळणार?

पण गाडी दुरुस्तीला न्यायची तर आवाज कसा आहे हे सांगायला हवं. कानवाल्यांनी रात्रीच्या जेवणात सहज विचारल्यासारखं विचारलं, "आई, तुम्हाला तो आवाज कसा वाटतो? म्हणजे मला वाटतो तसाच वाटतो का, ते बघायचंय."

"तुम्हाला कसा वाटतो?" सासूबाईंनी विचारलं.

"आधी तुम्ही सांगा. वयाचा मान."

सासूबाईंनी जावयाकडे थोडा वेळ पाहिलं. "डास कानाशी येतो ना, तसा. पण सुखवस्तू घरचा डास."

"अगदी बरोबर," कानवाले म्हणाले, आणि बायकोनं मुकाट्यानं त्यांच्या ताटात भात वाढला.

गॅरेजवाल्याला सगळे वस्ताद म्हणत. वस्तादांचं नावही कानामुळेच झालं होतं. गाडी कोपऱ्यावर वळली की ते गॅरेजमधून न बघता सांगायचे, कुठला प्लग गेलाय आणि कुठला जायच्या बेतात आहे. लोक लांबून गाड्या घेऊन यायचे ते त्या कानासाठी. आता वस्तादांचे केस पिकले होते, हाताखाली माणसं आली होती, पण आवाजाची केस असली की ते स्वतः उठत.

"बोला साहेब."

"आवाज येतोय."

"कसला?"

"शिट्टीसारखा. म्हणजे डास असतो ना, तसा. सुखवस्तू."

वस्तादांनी बॉनेट उघडलं आणि इंजिन चालू करायला सांगितलं. मग एक लांब पेचकस घेतला, त्याचं टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. पेचकस इंजिनभर फिरला. इकडे टेकला, तिकडे टेकला, पुन्हा इकडे आला. शेवटी वस्तादांनी डोळे उघडून कानवाल्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. कानवाले वस्तादांच्या चेहऱ्याकडेच बघत होते.

"येतोय ना?" वस्तादांनी विचारलं.

"येतोय ना?" कानवाल्यांनी विचारलं.

"म्हणजे काय. केवढ्यानं येतोय."

"तेच म्हणतो मी."

"डासच आहे."

"सुखवस्तू."

वस्तादांनी गंभीरपणे मान हलवली आणि पट्टा बदलायचं ठरवलं. जुना पट्टा काढून नवा चढवला, इंजिन पुन्हा चालू केलं. दोघंही बॉनेटवर वाकले.

"गेला," वस्ताद म्हणाले.

"साफ गेला," कानवाले म्हणाले.

घरी आल्यावर फाटकाशीच बायको उभी होती. "अजून येतोय की," ती म्हणाली. कानवाल्यांनी चेहरा असा केला, की त्यांनाही तेच म्हणायचं होतं. "हो, वाटेत परत आला. लबाड आवाज आहे."

मग फेऱ्या सुरू झाल्या. दुसऱ्या खेपेला बेअरिंग बदललं, तिसऱ्या खेपेला पाण्याचा पंप. मग डायनामो उतरवला, साफ केला आणि होता तसा बसवला. दर खेपेला दोघंही कान टवकारून वाकत, एकमेकांकडे बघत, आणि आधी कोण बोलणार यावरून अतिशय सभ्यपणे अडून बसत.

"तुम्ही सांगा साहेब. गाडी तुमची."

"इंजिन तुमच्या खात्यातलं, वस्ताद."

"पण आवाज तुमच्या खात्यातला."

"तुमच्यासमोर मी काय बोलणार?"

"बरं, मग गेला म्हणू?"

"म्हणा."

आणि आवाज गेला असं ठरायचं. गाडी घरी यायची, मांजर उठून निघून जायचं. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय असा सगळा कारभार चालला होता. नवे सुटे भाग पडून पडून गाडीचं अर्धं इंजिन तरणं झालं, शिट्टी मात्र होती तिथेच होती.

इकडे कानवाल्यांनी आवाज ओळखण्याची एक युक्ती शोधून काढली. बायको शेजारी बसली, की ते रस्त्यापेक्षा तिच्या कपाळाकडे जास्त बघत. कपाळाला आठी पडली की आवाज आला असं समजायचं. हे थोडे दिवस छान जमलं. "आला बघ," ते म्हणत. "आत्ता कमी झाला." बायको मान हलवी. मग एकदा रेल्वे फाटकापाशी गाडी थांबलेली असताना तिच्या कपाळाला चांगली ठसठशीत आठी पडली.

"आत्ता फारच वाढला," कानवाले म्हणाले.

"काय?"

"आवाज."

"अहो, गाडी बंद केलीयत तुम्ही. मला ऊन लागतंय."

कानवाल्यांनी घाईघाईनं तिच्या बाजूला वर्तमानपत्र धरलं. फाटक उघडेपर्यंत ते तसेच वर्तमानपत्र धरून बसले, आणि मागच्या सीटवर सासूबाईंना ठसका लागला.

शेवटी प्रकरण सासूबाईंनीच हातात घेतलं. एका सकाळी तिघं बँकेत जायला निघाली होती. गॅरेज वाटेवरच होतं. "थांबवा इथे," त्या म्हणाल्या. "मी बोलते त्या वस्तादांशी. किती दिवस चालायचं हे?"

"आई, उन्हात कशाला उतरता? मी सांगतो ना त्यांना."

"तुम्ही रोजच सांगताय."

वस्तादांसारखा कान असलेला माणूस समोर, शेजारी सासूबाई, आणि दोघांच्या मध्ये आपण. दोघांपैकी एकानं जरी नीट प्रश्न विचारला, तरी सगळं उघडं पडणार. पण सासूबाई तोवर उतरून गॅरेजमध्ये शिरल्याही होत्या. कोणीतरी त्यांच्यासाठी स्टूल पुसून दिलं. त्या बॉनेटसमोर बसल्या आणि पर्स मांडीवर घेतली.

वस्तादांनी इंजिन चालू केलं. पेचकस कानाला लावला. "आजी, आता ऐका. जवळजवळ गेलाय."

"नाही गेला."

"थोडासा राहिला असेल."

"थोडासा नाही, चांगला खणखणीत आहे."

वस्तादांनी कानवाल्यांकडे पाहिलं. कानवाले छताचा पत्रा निरखत होते. तोल सावरायला वस्तादांनी डावा हात इंजिनावर टेकवला, इतक्यात सासूबाई म्हणाल्या, "हं. बंद झाला."

"झाला ना? मी म्हटलं नव्हतं?" वस्ताद हात काढून सरळ उभे राहिले.

"आता परत आला."

वस्ताद जागच्या जागी थांबले. त्यांनी सावकाश हात होता तिथे परत ठेवला.

"बंद."

हात उचलला.

"आला."

हाताखाली इंजिनात हवा ओढून घेणारी रबराची नळी होती. वस्तादांनी ती उजेडात वळवून पाहिली. नखाएवढी चीर होती, आणि तिच्यातून हवा शिट्टी वाजवत आत जात होती. वस्तादांनी चिरेवर अंगठा ठेवला, उचलला, ठेवला. सासूबाईंनी दर वेळी न चुकता सांगितलं. नळी बदलायला चहा थंड व्हायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. पट्टा, बेअरिंग, पंप आणि डायनामो यांचा या प्रकरणाशी दुरूनही संबंध नव्हता.

"आता गेला," सासूबाई म्हणाल्या. मग त्यांनी एकदा वस्तादांकडे आणि एकदा जावयाकडे पाहिलं. "पण मला एक कळत नाही. इतके दिवस तुम्ही दोघं इथे वाकून काय ऐकत होतात?"

वस्ताद हात धुवायला मागच्या नळावर गेले. कानवालेही, हात स्वच्छ असताना, त्यांच्यामागोमाग गेले. वस्ताद बराच वेळ साबण चोळत राहिले.

"साहेब, दुकान सकाळी लवकर उघडतं का तुमचं?"

"का?"

"असंच. एकजण आहे ओळखीतला. कानाचं जरा दाखवायचंय." वस्तादांनी नळ बंद केला. "आता तुमच्यापासून काय लपवायचं. मीच तो. तुमच्या गाडीचा आवाज मला पहिल्या दिवसापासून आला नाही. पण तुम्ही कानाचे डॉक्टर. म्हटलं, तुम्हाला ऐकू येतोय म्हणजे असणारच. नाही कुठल्या तोंडानं म्हणू?"

कानवाल्यांनी आजूबाजूला पाहिलं. नळापाशी एक जुना टायर सोडला तर कोणी नव्हतं.

"वस्ताद, मलाही आला नाही."

"कधी?"

"कधीच."

"मग ते सुखवस्तू?"

"ते सासूबाईंचं."

वस्तादांनी टायरवर बसून घेतलं. थोड्या वेळानं त्यांचे खांदे हलायला लागले. कानवाल्यांना आधी वाटलं, रडतायत. पण ते हसत होते, आणि मग कानवालेही हसले, बऱ्याच दिवसांनी, पोट दुखेस्तोवर.

बँकेतून परतताना कानवाल्यांचं मन हलकं झालं होतं. हलक्या मनाचा माणूस जास्त बोलतो. "बघा आई," ते शेजारी बसलेल्या सासूबाईंना म्हणाले, "हा मशीनचा गुण. मशीन नसतं, तर तुम्हाला ही शिट्टी ऐकू आली असती का? म्हणून मी सगळ्यांना तुमचा दाखला देतो. आता हा प्रसंगही सांगणार."

सासूबाईंनी काच थोडी खाली केली.

"सेल चांगला दिसतोय आतला. कधी बदलला होतात?"

"कसला सेल?"

"मशीनमधला. आठवड्याभरात संपतो तो. पहिल्या दिवशी मी पाकीट दिलं होतं, मग पुढे..." कानवाले बोलता बोलता थांबले. पुढे त्यांनी दिलं नव्हतं, आणि कुणी मागितलंही नव्हतं. त्यांनी गाडी कडेला घेतली. "आई, जरा बघू मशीन."

सासूबाईंनी कानामागचं मशीन काढून त्यांच्या तळहातावर ठेवलं. कानवाल्यांनी नखानं सेलचं झाकण उघडलं. आतली जागा रिकामी होती.

"यात सेल नाही."

"नाही."

"कधीपासून?"

"तुम्ही लावून दिलंत, त्या संध्याकाळपासून. फार किरकिर करत होता, काढून टाकला."

"मग तुम्हाला ऐकू कसं येतं?"

"कानानं," सासूबाई म्हणाल्या.

कानवाल्यांनी आरशातून मागे पाहिलं. बायको पर्समध्ये काहीतरी शोधत होती आणि ते सापडू नये अशी तिची इच्छा दिसत होती.

"पण आई, मी स्वतः तपासलं होतं तुम्हाला. तुम्ही बटण दाबलं नव्हतंत. दिवा लागला नव्हता."

"दाबलं असतं तर तुम्ही मशीन दिलं असतं का?"

"पण तुम्हाला मशीन हवं कशाला होतं?"

"आईला नको होतं," मागून बायको म्हणाली. तिनं पर्स बंद केली. "टीव्हीचा आवाज आठवतोय का तुम्हाला? गेली दोन-तीन वर्षं शेजारी त्यांच्या घरात बसून आपल्या बातम्या ऐकतात. दारावरची बेल वाजते आणि तुम्ही दाराजवळ बसून पेपर वाचत राहता. मी एकदा विषय काढला होता, तर तुम्ही जेवण सोडून उठला होतात."

हे कानवाल्यांना आठवत होतं. त्या दिवशी ते पोट बिघडल्याचं सांगून उठले होते.

"म्हणून म्हटलं, मी लावते," सासूबाई म्हणाल्या. "घरात एकीनं लावलं, की दुसऱ्याला लावायला संकोच वाटत नाही. माझं काय, पिकलं पान. म्हटलं, महिन्या-दोन महिन्यांत जावईबापूंची भीड चेपेल. तर तुम्ही माझा फोटोच लावलात भिंतीवर. मग काढून ठेवायचीही सोय राहिली नाही."

सगळ्या गावाचे कान तपासता तपासता आपल्याच घरात एक धडधाकट म्हातारी वर्षभर आपल्यासाठी बहिरी होऊन बसली, हे कानवाल्यांना दिसलं नव्हतं. त्यांनी ते रिकामं मशीन खिशात ठेवलं, मग पुन्हा बाहेर काढलं, आणि शेवटी एवढंच म्हणाले, "आई, तुम्ही उद्या दुकानात येता का? मला तपासायला कोणीतरी लागेल. एकट्यानं केलं की निकाल फार चांगला येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी वस्ताद धुतलेला शर्ट घालून आले आणि बाकावर नंबर लावून बसले. कानवाल्यांनी सासूबाईंना यंत्र समजावून सांगितलं, हे फिरवायचं, ते दाबायचं, आणि दिवा लागतोय का बघायचं. मग ते आवाजबंद खोलीत जाऊन बसले. इतक्या वर्षांत त्या खुर्चीत पेशंट म्हणून ते पहिल्यांदाच बसले होते, आणि खुर्ची बरीच गैरसोयीची आहे हे त्यांना तेव्हा कळलं. त्यांनी हेडफोन चढवला, बटण हातात घेतलं.

काचेतून सासूबाईंचा हात स्पष्ट दिसत होता. हात पुढे गेला की आवाज सुटणार, हे सांगायला कानाची गरज नव्हती. हात पुढे गेला. कानवाल्यांच्या अंगठ्यानं बटण दाबलं. दिवा लागला. हात पुन्हा पुढे गेला, दिवा पुन्हा लागला. वस्ताद कौतुकानं बघत होते.

सासूबाईंनी मान वर करून काचेतून जावयाकडे पाहिलं. मग त्या उठल्या, यंत्र उचलून मांडीवर घेतलं, खुर्ची फिरवली आणि काचेकडे पाठ करून बसल्या.

आता कानवाल्यांना फक्त त्यांचा अंबाडा दिसत होता. आवाज सुटला की नाही, कधी सुटला, किती सुटले, काही कळायला मार्ग नव्हता. बाहेर वस्ताद बाकाच्या टोकावर सरकून दिव्याकडे टक लावून बघत होते. दिवा बराच वेळ लागला नाही, आणि कानवाल्यांनी तो लावलाही नाही.